धूरवाल्या बाई

नर्मदाबाई कोणाच्याही घरात शिरल्या की दोन जिवांची बाई कुठे आहे हे विचारण्याआधी मान वर करून छत बघत. काजळीची जाळी किती लोंबताहेत, धाब्याला धूर जायला ठेवलेलं भोक उघडं आहे की त्यावर फुटका घडा पालथा घातला आहे, हे एकदा पाहून झालं की मग म्हणत, "हं, कुठे आहे आपली बाई?" नव्या घरातल्या लोकांना वाटे, नर्सबाई पाल शोधताहेत. एका म्हातारीने तर केरसुणी घेऊन त्यांच्याबरोबर छत न्याहाळायला सुरुवात केली होती.

खामगावच्या एका लहानशा प्रसूतिगृहात मी त्यांच्याबरोबर काही वर्षं नोकरी केली. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मोठे साहेब नागपूरला बसत, आणि नागपूरहून आमच्यापर्यंत येईतो औषधं संपत आणि सूचना तेवढ्या उरत. आमचा दोघींचा हुद्दा एकच होता, पण गावाच्या लेखी नर्सबाई म्हणजे त्या, आणि मी 'दुसरी बाई'. मला त्याचं वाईट वाटलं नाही. पहिली बाई होण्याची हौस असणाऱ्याला नर्मदाबाईंइतका आवाज लागतो, आणि तो माझ्याजवळ नव्हता.

उंच, हाडापेराने दणकट, पांढरं नऊवारी, डोळ्यांवर चष्मा, पायात पुरुषी चपला आणि काखेत बारा महिने छत्री. वडील मेहकरला कचेरीत कारकून होते. नवराही बुलढाण्याला कचेरीतच होता आणि सुटीला खामगावला येई. माणूस शांत. "घरात एकानं बोललं की पुरतं," असं ते म्हणत. शिकलेल्या माणसांशी बाई पुस्तकी मराठी बोलत आणि खाटेवरच्या बाईशी वऱ्हाडी. रागावल्या की मात्र डॉक्टरांशीही वऱ्हाडीच.

धुराशी त्यांचं हाडवैर होतं, आणि स्वतः तपकीर ओढत. मी एकदा म्हटलं, "लोकांच्या चुलींवर तुटून पडता आणि नाकात हे काय कोंबता?"

"मले कोनतं पोरगं व्हायचं हाय आता?" असं म्हणून त्यांनी एक खणखणीत शिंक दिली.

त्यांचा एक प्रश्न तालुक्यात माहीत झाला होता. कुठल्याही सासूने "दोन जिवांची आहे, दोघांचं जेवली पाहिजे" म्हटलं की बाई विचारीत, "मंग धूर कोनाच्या वाट्याचा? तो एकटीच खाते काय?" यावरूनच त्यांना 'धूरवाली बाई' हे नाव पडलं. पोरं रस्त्यात तसं ओरडत. बाई छत्री उगारीत, पण मनातून त्यांना ते आवडत असावं.

हे त्यांच्या डोक्यात कुठून आलं? वजनाच्या काट्यावरून. जन्मलेल्या पोराचं वजन करायचा नियम होता, आणि बायका करू देत नसत. नजर लागते. "पोट्ट्याले काऊन तोलता बाई? तो का कापूस हाय?" बाई शांतपणे कापडाची झोळी काट्याला अडकवीत आणि म्हणत, "पोराले कोन तोलते? मी झोळी तोलून राह्यली. पोरगं आपलं तिच्यात झोपलं हाय." यावर आयांचं समाधान होई. असं झोळ्या तोलता तोलता त्यांच्या लक्षात आलं की पावसाळा चुलीपाशी काढलेल्या बायकांची पोरं हलकी निघतात. काही वेळेआधी होतात, काहींना रडायलासुद्धा दम पुरत नाही. बाईंनी हे कुठे लिहून ठेवलं नाही. लिहिण्याचा त्यांना कंटाळा. "माह्या तळहाताले समजते," म्हणत. हे काही शास्त्र नव्हे, असं मी तेव्हाही म्हणत होते.

आमच्या डॉक्टरांनाही ते पटत नव्हतं. माणूस चांगला होता. एकदा चहा घेताना म्हणाले, "नर्मदाबाई, गर्भ पाण्याच्या पिशवीत असतो. धूर जातो आईच्या फुप्फुसात. त्याला कुठून लागणार?"

"आईने खाल्लेली भाकरी तरी त्याला कुठून लागते, डॉक्टरसाहेब?"

"ती रक्तातून जाते."

"मग फुप्फुसाला रक्त नसतं का?"

डॉक्टरांनी कपबशी खाली ठेवली. मग हसून म्हणाले, "मला माहीत नाही, बाई. पुस्तकात दिसलं नाही. पण चूल हलवून कोणाचं वाईट होणार नाही. हलवा." आणि खेड्यांत फिरायला दवाखान्याची रेंगी वापरायची परवानगी दिली. ही बैलांची हलकी गाडी तोवर त्यांच्या स्वतःच्या दिमतीला असे.

पण खरी अडचण डॉक्टरांची नव्हती, मायेची होती. आमच्या भागात दिवस गेलेल्या बाईला निदान चांगल्या घरांत तरी जपतात. तिला घागर उचलू देत नाहीत, दळू देत नाहीत, वावरात पाठवत नाहीत. "तू बस चुलीपाशी, हलकं काम कर." मग ती सकाळ-संध्याकाळ, पावसाळ्यात भोक झाकलेल्या धाब्याखाली, कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या फुंकीत बसते. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनातही तेच. तिथला मुकादम दोन जिवांच्या बायकांना ओझी वाहू देत नसे. त्यांना बंद खोलीत बसून कपाशीतली कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचायला लावी. खोलीत कापसाची धूळ अशी की समोरच्या बाईचं तोंड धुक्यातून दिसावं. बाईंनी जिनाच्या शेठजींना काही समजावलं नाही. "आज जेवण इथेच घ्या, या पोरींबरोबर," एवढंच म्हणाल्या. शेठजी विनोद समजून बसले. दुसऱ्या घासाला ठसका लागून उठले. त्या हंगामात वेचणी बाहेर लिंबाखाली झाली. पुढच्या हंगामात शेठजी विसरले, आणि बाई पुन्हा त्यांना जेवायला बसवायला गेल्या.

पिंपळगाव राजा या गावचे रहीमचाचा पिंजारी दवाखान्याच्या गाद्यांचा कापूस पिंजायला येत. तोंडाला फडकं बांधून, धुनकीची तार छेडीत बसत. एकदा पावसाळा तोंडावर असताना त्यांनी तार थांबवली आणि बाईंना म्हणाले, "बाई, आमच्या बहूले पुन्हा दिवस गेले. पह्यलं पोट्टं जन्मलं तेच थंडं. दुसरं वीतभर होतं, हप्ताही नाई काढला. आता घरात कोनी बोलतच नाई. एकदा येता काय?"

बाईंनी दुसऱ्याच दिवशी रेंगी जुंपायला लावली. मीही गेले.

घर धाब्याचं, दोन खणांचं. पुढच्या खणात चाचांचं पिंजण, मागच्यात चूल. बाईंनी वर पाहिलं. भोकावर पालथा घडा होता आणि त्यावर माती लिंपलेली. चुलीपाशी सून बसली होती, जैतून. वीस-बावीस वर्षांची, डोळे लाल, तोंडावर पदर. नवरा बाहेरगावी गिरणीत कामाला, सणावाराला तेवढा घरी येई. बाईंनी नाव विचारलं, खोकला कधीपासून विचारलं, पोट तपासलं. मग म्हणाल्या, "दुपटी शिवली काय व? तुमच्या घरी तं कापसाले तोटा नाई."

"या खेपेले काईच नाई शिवलं," जैतून म्हणाली. "शिवलं का पोट्टं जाते."

बाईंनी आपला पांढरा रुमाल भिजवला, पिळला आणि चुलीवरच्या खुंटीला अडकवला. सासू कुलसुमबीने चहा टाकला. चहा होऊन पिऊन झाला तेव्हा बाईंनी रुमाल काढून तिच्यापुढे धरला. त्याच्यावर काळी-करडी साय धरली होती, आणि तिच्यात पिंजणाचे तंतू अडकले होते.

"हे चहा होईस्तोवरचं. पोटातलं नऊ महिने हितंच टांगलेलं राह्यते."

कुलसुमबीने रुमाल बोटाने चाचपला. मग एकदम उसळली. "बाई, म्या तिले घागर उचलू देली नाई. जात्यापाशी जाऊ देली नाई. वावराचं तं नावच नाई. रानीवानी बसवलं हितं. म्हंजे म्याच मारले काय पोट्टे?"

नर्मदाबाईंनी रुमाल बाजूला ठेवला. त्या खाली बसल्या, कुलसुमबीच्या अगदी समोर, आणि जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाल्या, "नाई व माय. तुम्ही मायेनंच बसवलं. जागा तेवढी चुकली. कोनालेच ठाऊक नव्हतं. माह्या सासूनंही मले तिथंच बसवलं होतं."

बाईंना मूल नव्हतं हे मला माहीत होतं. होऊन गेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

चूल अंगणात न्यायची, असं बाईंनी सांगितलं. चाचा कबूल झाले. कुलसुमबी मात्र अडली. "अंगनात चूल मांडली का मोहल्ला म्हनंन, सून येगळी निंघाली. आज लोक हासतीन, उद्या माहा लेक खरंच येगळा होईन."

हे खरं होतं. आमच्याकडे एका घरात दुसरी चूल दिसली की वाटणी झाली असंच समजतात. मी म्हटलं, लोकांना काय बोलायचं ते बोलू द्या. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा बोलले नाही.

"दुसरी चूल कोन मांडते?" त्या कुलसुमबीला म्हणाल्या. "हीच उचला. आतली फोडून टाका. घरात चूलच राह्यली नाई तं कोन कोनापासून येगळं निंघन? आन् पह्यला जाळ तुम्ही करा, सुनेनं नाई. मोहल्ल्यातल्या बायकांले बोलावून खाऊ घाला. मंग पाहू कोन काय म्हनते."

कुलसुमबीने जुम्म्याच्या दिवशी तेच केलं. आतली चूल स्वतःच्या हाताने फोडली, तीच माती भिजवून अंगणात पडवीच्या टोकाला नवी घातली, वर पत्रा टाकला, आणि पहिल्या जाळावर मलिदा करून नियाज दिली, मोहल्ल्यातल्या बायकांना वाटली. आम्हालाही बोलावणं होतं. एक शेजारीण म्हणालीच, "काय व कुलसुम, सून काढली का तू निंघाली?"

"धूर काढला," कुलसुमबी म्हणाली. "खाय गुपचूप."

बाई दोन वेळा मागून मलिदा खाऊन आल्या.

पिंजणाचं मात्र पुरतं जमलं नाही. बाई म्हणाल्या, तेही बाहेर न्या. चाचा हसले. "कापूस खुल्यात पिंजला तं वाऱ्यावर जाईन, बाई. गिऱ्हाइकाले काय, आभाय दाखवू?" शेवटी दोन खणांच्या मध्ये तरटाचा पडदा आला. तो ओला ठेवायचा, आणि पिंजण चालू असताना जैतूनने अंगणात बसायचं. बाईंना हे अर्धवट वाटलं, पण अर्धं पदरात पाडून घेण्याचं शहाणपण त्यांच्याजवळ होतं.

पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही पुन्हा गेलो तेव्हा कुलसुमबी हिवतापाने फणफणून पडली होती. अंगणात पाऊस रिपरिपत होता, पऱ्हाट्या ओल्या, पत्र्याखाली धूर कोंडलेला, आणि त्यात जैतून बसली होती. सातवा महिना. खोकून तिचं अंग हलत होतं.

"ऊठ."

"मंग भाकर कोन टाकन, बाई? अब्बा उपाशी हायेत."

बाईंनी छत्री माझ्या हातात दिली, ओचा खोचला आणि चुलीपुढे बसल्या. पीठ मळलं, भाकरी थापली. थापणं काही सुबक नव्हतं. धुराने डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या धुराला वऱ्हाडीत शिव्या घालीत होत्या. रहीमचाचा बाहेरून आले आणि दारातच थबकले.

"या अल्ला! बाई, उठा. हे काम तुमचं नाई."

"तिचंही नाई. मंग कोनाचं?" बाईंनी भाकरी उलटली. "चाचा, तुम्ही हिवाळ्यात खेड्यापाड्यांनी पिंजत फिरता. महिना महिना घरी नसता. तिथं भाकरी कोन थापते?"

"मीच थापतो. तीन दगडं मांडतो..."

"आन् घरी आले का तुमचे हात कुठं जाते?"

आतून, तापातसुद्धा, कुलसुमबी हसल्याचं ऐकू आलं. चाचांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, आम्हा तिघींकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "सरका, बाई. तुम्ही जाळून राह्यल्या."

खरोखर, त्यांच्या भाकरी बाईंपेक्षा किती तरी चांगल्या होत्या. कुलसुमबी उठून हिंडू लागली तरी बाळंतपणापर्यंत सकाळची भाकरी त्यांच्याकडेच राहिली. मोहल्ला हसला. मग सवय झाली. मोहल्ल्याला कशाचीही सवय होते, फक्त कोणाला तरी आधी स्वतःचं हसू करून घ्यावं लागतं.

जैतूनला आम्ही क्विनाइन दिलं होतं, रक्तवाढीचं औषध दिलं होतं. चाचा दूध आणत होते. तेव्हा पुढे जे झालं त्यात चुलीचा वाटा किती, हे मी सांगू शकत नाही. बाई सांगू शकत आणि सांगत. मी फक्त पाहिलेलं लिहिते.

थंडीच्या सुरुवातीला, भर दुपारी, जैतून बाळंत झाली. दिवस भरून. गावच्या सुईणीने मडक्यात गोवऱ्या पेटवून धुरी द्यायची तयारी ठेवली होती. बाईंनी काही बोलायच्या आत कुलसुमबीनेच मडकं उचलून बाहेर नेलं. "निखारे लाल झाले का आना. तवर हितं नाई." सुईण बाईंकडे पाहू लागली. बाई म्हणाल्या, "माह्याकडं काय पाहता? मी काई बोलली काय?"

मुलगा झाला. बाईंनी त्याला तळहातावर घेतलं आणि त्यांचा हात खाली गेला. म्हणजे पोराला वजन होतं. क्षणभर ते रडलं नाही. बाईंनी पाठ चोळली, तळपायावर टिचकी मारली. जैतून मान उचलून आमच्या तोंडांकडे पाहत होती, विचारायचं धाडस तिला होत नव्हतं. आणि मग ते असं रडलं की पुढच्या खणातली चाचांची येरझार थांबली. चाचा पडद्यापलीकडून ओरडले, "हेच हाय काय ते? का शेजारचं?"

"हेच!" जैतूनच म्हणाली. तिचा एवढा मोठा आवाज त्या घरात आधी कोणी ऐकला नसावा.

पुढच्या साली माझी अकोल्याला बदली झाली. निघण्याआधी बाई म्हणाल्या, चल, एकदा पिंपळगावला जाऊन येऊ. पोरगं सात-आठ महिन्यांचं झालं होतं, मांडीवर ठरत नव्हतं. जैतून आत पडद्याआड गिऱ्हाइकाच्या गादीला टाके घालत होती. धुनकी बंद होती, चाचा परगावी गेलेले. कुलसुमबी अंगणात भाकरी टाकत होती. एका डोळ्याने तिला नीट दिसत नव्हतं, डोळ्यांचं जे व्हायचं ते आधीच्या, घरातल्या धुराच्या वर्षांतच होऊन गेलं होतं. बाई पडवीत पोराला घेऊन बसल्या होत्या आणि मला अकोल्याच्या घरांची छपरं कशी असतात ते, कधी न पाहता, सांगत होत्या.

इतक्यात शेजारची नवी सून करवंटी घेऊन विस्तव मागायला आली. चार-पाच महिने झालेले दिसत होते. ती सरळ चुलीकडे निघाली. बाईंनी छाती भरून घेतली, तोंड उघडलं.

"हौ हौ हौ, तिथंच थांब!" कुलसुमबी ओरडली. "दोन जिवांची ना तू? मंग चुलीत तोंड घालाले काऊन येऊन राह्यली? सासू कुठं गेली तुही? बस त्या लिंबाखाली. विस्तव मी आनून देतो. आन् सासूले सांगजो, कुलसुमनं बोलावलं म्हना. आजच्या आज ये म्हना!"

ती बिचारी करवंटी छातीशी धरून लिंबाखाली जाऊन बसली. बाईंनी उघडलेलं तोंड मिटलं. पोराने त्यांच्या चष्म्याला हात घातला, तो त्यांनी काढू दिला. आणि चष्म्याशिवाय, बारीक डोळे करून, मान थोडी पुढे काढून, त्या कुलसुमबीचं उरलेलं सगळं बोलणं ऐकत राहिल्या. दुसऱ्या कोणाचं बोलणं मध्ये न तोडता ऐकताना मी त्यांना तेवढंच एकदा पाहिलं.